अकरावं प्रकरण : एक कुमारकादंबरी, एक वसतिगृह आणि मोडलेली शपथ

हस्तलिखित माझ्याकडे आलं ते आंब्याच्या पेटीतून. बाईंचा पुतण्या देवगडहून रत्नागिरीला पेट्या घेऊन येत होता. त्यातल्या एकीत, पेंढ्याच्या वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोनशेच्या वर हाताने लिहिलेली पानं होती. बाई जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवून निवृत्त झालेल्या. मी कुमारांसाठीच्या पुस्तकांचं संपादन करतो. त्यांची याआधीची दोन छोटी पुस्तकं माझ्या हातून गेली होती, त्यामुळे हस्ताक्षर ओळखीचं होतं. विषय मात्र ओळखीचा नव्हता.

पुढे जे लिहितोय त्यात गाव, इयत्ता, नाती आणि काही दिवसवार बदलले आहेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी बदललेच असते. यातल्या दोन्ही मुलांच्या घरच्यांना हा मजकूर वाचून दाखवला आहे. मुलांच्या साक्षी झाल्या आहेत, खटला चालू आहे. म्हणून आरोपीबद्दल लागेल तेवढंच लिहितो.

कादंबरी अशी : खाडीपलीकडच्या वाडीतला मुलगा आठवीला तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहायला येतो. वाडीत शाळा सातवीपर्यंतच, पावसाळ्यात तर भरवसा नाही, म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी त्याची गट्टी जमते. वसतिगृहाचा सहायक अधीक्षक सगळ्यांचा लाडका, पण रात्री मुलांना एकेकट्याला खोलीवर बोलावतो. नायकाचं काय होतं ते मित्राला कळतं. नायक त्याला शपथ घालतो. अकराव्या प्रकरणात मित्र शपथ मोडून मुख्याध्यापकांकडे जातो. मुख्याध्यापक ऐकतात, त्याच रात्री पोलीस येतात, आणि शेवटच्या पानावर दोघं मित्र समुद्रावर भरतीच्या लाटांत पाय बुडवून उभे.

पहिली दहा प्रकरणं मला आवडली. वसतिगृह बाईंनी नाकाने आणि कानाने लिहिलं होतं : न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, पत्र्याच्या ट्रंकांची कुलपं, वाढप्याची मर्जी कोणावर हे ताटात पडणाऱ्या उसळीवरून ओळखणारी मुलं. मीही पाचवी ते दहावी असाच काढलाय, त्यामुळे चूक शोधत वाचत होतो. सापडली नाही. सहायक अधीक्षक हा भजनी बुवा दाखवलाय, तेही मला पटलं. आपल्याकडे ज्याचा गळा गोड त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. शिवाय वसतिगृहाचा अधीक्षक म्हटलं की मराठी वाचकाला अमळनेरचे साने गुरुजी आठवतात. पालगडचा हा माणूस १९२४ साली प्रताप हायस्कुलात गेला आणि तिथल्या छात्रालयात मुलांची आई झाला. त्या आठवणीने आपण इतके भारलेले आहोत की अधीक्षकाच्या खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस अर्धा गुरुजी असणारच असं धरून चालतो. बाईंनी या समजुतीलाच हात घातला होता.

अकरावं प्रकरण मात्र मला खोटं वाटत होतं. का, ते सांगता येईना. मजकूर जूनमध्ये टंकून घेतला, फाईल बाईंना पाठवली, आणि सुचवलं की छापण्याआधी हा भाग त्या वयाच्या मुलांसमोर वाचून बघू. ही कल्पना माझी होती, हे इथेच नोंदवतो.

जुलैचा दुसरा आठवडा. तळकोकणातल्या एका संस्थेचं मुलग्यांचं वसतिगृह, आठवी ते दहावीची तीसेक मुलं. बाहेर पाऊस असा की पत्र्याखाली बाईंना ओरडून वाचावं लागत होतं. बाईंनी नववं, दहावं आणि अकरावं अशी तीन प्रकरणं वाचली. त्याआधीची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. बुवाचं नाव घेतलं, तो रात्री काय निमित्त काढून बोलावतो ते सांगितलं नाही. या शेवटच्या वाक्याला पुढे फार महत्त्व येणार होतं, तेव्हा आम्हाला त्याची कल्पना नव्हती.

वाचून झाल्यावर नेहमीसारखी टाळ्यांची सर आली नाही. एकाने विचारलं, "बाई, हेडसरांनी एवढा पटकन विश्वास कसा ठेवला?" मुलं हसली. मग मागच्या रांगेतून दुसरा म्हणाला, "तो मित्र त्याच्याशी परत बोलला का? शपथ मोडल्यावर?"

बाई म्हणाल्या, "बोलला ना. शेवटी दोघं समुद्रावर जातात की."

"नाय, पण खरंच बोलला का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण मोरू म्हणू. एस.टी. स्टँडवर जाताना तो बाईंच्या डोक्यावर छत्री धरून चालला. मी आठ-दहा पावलं पुढे होतो. स्टँडच्या आधी तिठ्यावर एक बंद चहाची टपरी आहे, तिच्या आडोशाला तो थांबला आणि म्हणाला, "माका नाय बाई. तेका बोलवतत." कोणाला, तर त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राला. कोण बोलावतं, तेही सांगितलं : तिथलेही भजनी बुवाच. कशासाठी, तर पाय चेपायला. त्यानंतर मित्र परत येतो तेव्हा कसा असतो, एवढंच मोरूला ठाऊक होतं. मित्राने एकदाच, अंधारात, सगळं सांगितलं होतं आणि लगेच म्हणाला होता, "कोणाक सांगा नको, आवशीची शपथ."

इथे आमच्या दोन चुका झाल्या, आणि या टिपणाचं निम्मं कारण त्या चुकाच आहेत.

पहिली बाईंची. मोरू अडखळला तेव्हा त्या सवयीने बोलून गेल्या, "सांग बाळा, मी कोणाला नाही सांगणार." इतकी वर्षं मुलांची मनं मोकळी करताना वापरलेलं वाक्य. पण ते वचन पाळणं त्यांच्या हातात नव्हतं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक असो की शेजारी, संपादक असो की कादंबरीकार. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. बाईंनी एका मुलाकडून एक मोडलेली शपथ घेतली आणि बदल्यात स्वतः मोडणार असलेली दुसरी दिली. बसमध्ये त्यांच्या हे लक्षात आलं, तेव्हा कणकवली येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसरी चूक माझी, आणि ती जास्त मोठी. मी म्हटलं, आधी खातरजमा करू. संस्थेचे एक पदाधिकारी माझ्या ओळखीचे होते, त्यांना रात्री फोन केला. त्यांचं उत्तर गोड होतं. आधी आमच्या पातळीवर चौकशी करतो, मूल म्हटल्यावर कल्पना लढवणारच, तुम्ही तर त्यांना गोष्टच तशी वाचून दाखवलीत, आणि चतुर्थी महिन्यावर आलीय, पालक काय म्हणतील. फोन ठेवल्यावर मला कळलं की आपण एका संशयिताला चोवीस तासांची आगाऊ सूचना देऊन बसलोय. खातरजमा करणं हे कायद्याने माझं काम नव्हतंच. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे टिकली नाही तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे. "पुरावा कुठाय?" हा प्रश्न पोलिसांचा. मी तो स्वतःकडे ओढून घेतला, कारण त्याने एक दिवस मिळतो. तो दिवस कोणाला मिळतो, याचा विचार केला नाही.

गंमत अशी की यावरचा महत्त्वाचा निकाल वसतिगृहाच्याच प्रकरणातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, आणि तपासणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण पेटलं, तेव्हाही लोकांचा संताप अत्याचाराइतकाच उशिरावर होता. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. फोन तरी केलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनीच १०९८ लावला. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मुलांची हेल्पलाईन. त्यानंतर आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं. पोलिसांनी कायद्याप्रमाणे बाल कल्याण समितीला कळवलं. समितीने मित्रासाठी एक सहायक व्यक्ती नेमली. २०२० च्या नियमांतली ही तरतूद फारशी कोणाला माहीत नाही, पण खटला संपेपर्यंत मुलासोबत उभं राहणारं, तारखा समजावून सांगणारं माणूस म्हणजे हेच. आमच्या नशिबाने ती व्यक्ती मालवणी बोलणारी होती. मुलगा प्रमाण मराठीत नुसता "हो" आणि "नाही" म्हणायचा. मालवणीत वाक्यं यायला लागली.

मित्राला, त्याला आपण बाबू म्हणू, घरी पाठवण्यात आलं. वडील मच्छीमार. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून ते घरी होते, पडवीत जाळ्यांची डागडुजी करत. हा महिना जुलै नसता तर जबाबाच्या वेळी वडील समुद्रात असते. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा आणि अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नाही. आलेल्या महिला उपनिरीक्षक पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, जीप त्यांनी वाडीबाहेर ठेवली होती. तरी शेजारणीने विचारलंच, पाव्हणे खयचे? बाबूची आई म्हणाली, जनगणनेचे. एवढं उत्स्फूर्त खोटं मी कधी कौतुकाने ऐकलं नव्हतं.

वडिलांचा पहिला प्रश्न मी लिहून ठेवलाय : "चेडवांचा आयकलेला. झिलांका पण असा करतत?" मुलींचं ऐकलं होतं, मुलग्यांनाही असं करतात? त्यात राग नव्हता, नवल होतं. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. पॉक्सो म्हणूनच मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण वाडीत मुलग्याबद्दल हे बोलायला शब्दच नाही. ज्याला शब्द नाही ते "पाय चेपणं" होऊन राहतं. थोरांचे पाय चेपणं यात वावगं काय? बाबूलाही कित्येक महिने हाच प्रश्न होता.

आईने एकच विचारलं, "तू माका कित्याक नाय सांगलंस?" त्याचं उत्तर त्याने दिलं नाही. सहायक व्यक्तीने नंतर मला समजावलं की हा प्रश्न विचारायचाच नसतो. मूल त्याचा अर्थ "चूक तुझी" असा लावतं. मी इतक्या कथा तपासल्या, जवळजवळ प्रत्येकीत आई हा प्रश्न विचारते आणि मूल तिच्या कुशीत रडतं.

आता कादंबरीकडे, कारण ती या प्रकरणात आरोपीच्या वकिलासाठी सोन्याची खाण होती. उपनिरीक्षकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या पुस्तकात पण बुवाच आहे ना? पाय चेपणं पण आहे?" होतं. मुलाने गोष्ट ऐकली आणि तशीच रचली, असं कोणीही म्हणू शकलं असतं. संस्थेचे पदाधिकारी तर फोनवर म्हणालेच होते. वाचवलं ते एका योगायोगाने : पाय चेपण्याचा उल्लेख हस्तलिखितात पाचव्या प्रकरणात होता आणि आम्ही वाचलं होतं नववं ते अकरावं. जूनची फाईल आणि वाचायला नेलेली वेगळी पानं, दोन्ही मी पोलिसांना दिली. त्या दिवशी बाईंनी पाचवं प्रकरणही वाचलं असतं तर? मुलांसमोर अशी कादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. आम्ही तो नंतर विचारला. काय वाचलं, कोणासमोर, किती वाजता, हे त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय मला तेव्हापासून लागली. आणि वाचनानंतर मुलं काही सांगतील हे गृहीत धरून एक प्रशिक्षित समुपदेशक सोबत असायला हवा होता. आम्ही नेले होते दोन किलो पेढे.

मुलांच्या साक्षी होईपर्यंत हस्तलिखितातलं एक अक्षर बदलायचं नाही, असं मी ठरवलं. बाईंना ते जड गेलं. पण बदललेलं पान न्यायालयात कसं दिसलं असतं, ते सांगायला नको.

मधल्या काळात जे घडलं ते मात्र कोणत्याही कलमात बसत नाही.

बाबू मोरूशी बोलेना. पहिल्या आठवड्यात नाही, महिन्याने नाही. तो दुसऱ्या शाळेत गेला. मोरू त्याच वसतिगृहात राहिला, आणि तिथे त्याचं नाव "चहाडखोर" पडलं. बुवा निलंबित झाले तशी संध्याकाळची भजनं बंद झाली. डबलबारीला, म्हणजे भजनांच्या जुगलबंदीला, जाणारा मुलांचा संच मोडला. चौकशीला येणाऱ्या साहेबांमुळे कॅरम कुलूपबंद. या सगळ्याचा धनी मोरू. त्याच्या ताटात उसळ कमी पडायला लागली, हे त्याने बाईंना सांगितलं तेव्हा बाई रडल्या, कारण ते त्यांनीच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. ज्याचं काही वाईट झालं नव्हतं, ज्याने फक्त सांगितलं होतं, त्याच्यासाठी कोणी सहायक व्यक्ती नव्हती. बाबूसाठी जो काही आधार होता तो कायद्यातून आला. मोरूच्या वाट्याला दर शनिवारी बाईंचा फोन.

एका शनिवारी तो म्हणाला, "मी शपथ मोडलंय म्हणून तो बोलणा नाय. बरोबर आसा तेचा." बाईंनी त्याला समजावलं नाही, की तू शूर आहेस वगैरे. त्या म्हणाल्या, "शपथ मी मोडली. तू मला सांगितलंस, पुढे मी सांगितलं. तुला शब्द दिला होता, तोही मोडला. राग माझ्यावर काढ." मोरू बराच वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, "तुमका पोलिसांनी मारल्यानी?" नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं की नवल, ते आवाजावरून कळलं नाही.

मला अकरावं प्रकरण खोटं का वाटत होतं, ते या फोननंतर उमगलं. त्यात सगळं ओझं मित्राच्या डोक्यावर होतं. त्याने शपथ मोडायची, त्यानेच धैर्य दाखवायचं, मोठ्यांनी फक्त दार उघडायचं. कायदाच इथे कादंबरीपेक्षा शहाणा आहे. कलम १९ मध्ये "कोणीही" म्हणताना मूलही येतं, पण न कळवल्याची शिक्षा मुलाला लागू नाही. म्हणजे सांगण्याची वाट मुलाला मोकळी ठेवली आहे आणि ते न जमल्याचा दोष मात्र मोठ्यांपुरताच. आपल्या कुमारकादंबऱ्या उलट करतात. तेराव्या वर्षी शूर न होणाऱ्या वाचकाला ते पुस्तक गुपचूप सांगतं की तू वाईट मित्र आहेस.

साक्षी झाल्यावर बाईंनी प्रकरण नव्याने लिहिलं. आता मित्र मुख्याध्यापकांकडे जातच नाही. तो स्वयंपाकीणबाईंसमोर काहीतरी अर्धवट बोलतो, तेही दुसऱ्याच विषयात, आणि त्या माउलीला ते ऐकू येतं. पुढचं ती करते. तिला काय भोगावं लागतं तेही आलंय. समुद्रावरचा शेवट गेला. मी विचारलं, मग दोघं बोलतात की नाही? बाई म्हणाल्या, मोरूने विचारलेलं तू विसरलास का, "खरंच बोलला का?" जे मला माहीत नाही ते लिहीत नाही.

पण बाईंना माहीत होतं, आणि मलाही. चतुर्थीला मोरू बाबूच्या वाडीत गेला होता. आरतीला मागच्या रांगेत उभा राहिला. निघताना एक छोटी वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली, वसतिगृहात दोघांच्या मैत्रीत ती रोज लागायची. मी हट्ट धरला की ती वस्तू पुस्तकात आलीच पाहिजे, संपूर्ण कादंबरी तिच्यावर तोलली जाईल. बाई ऐकेनात. "ती त्यांची आहे. तू पण लिहायची नाहीस."

अकरावं प्रकरण सध्या साडेतीन पानांचं आहे. शेवटच्या परिच्छेदात पाऊस थांबलाय, स्वयंपाकीणबाई पोलीस ठाण्याच्या पायरीवर चप्पल काढून आत जातात, आणि बाहेर मुलं भांडी घासतायत. तिथे एक ओळ आणखी हवी असं मला अजून वाटतं. बाईंनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलंय : नको.